ग्रॅनाइटवरची वाळवंटी माती म्हणजे वाळू नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत निवडुंगाच्या कुंड्यांवर आलेला लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती, जातींची नावेही अचूक होती. मात्र 'निवडुंग वाळवंटातला, म्हणून नदीची वाळू तीन भाग आणि बागेतली माती एक भाग घ्यावी' हा त्यातला सल्ला चुकीचा आहे. कोल्हापूरच्या काळ्या मातीत आणि इथल्या पावसात तर तो रोपाच्या जिवावर उठणारा आहे. माती तपासणे आणि तिचे वर्गीकरण करणे हेच आमचे रोजचे काम असल्याने ही चूक नेमकी कुठे होते ते सविस्तर लिहीत आहोत.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात जगातल्या वाळवंटी प्रदेशांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे. बाकीचा भाग म्हणजे दगडगोट्यांची मैदाने, उघडे डोंगर, खडकावर चढलेली वीतभर माती. राजस्थानातले जालोर आणि सिवाना, नामिबियातला श्पिट्सकॉपे डोंगर, कॅलिफोर्नियातले जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान या सगळ्या ठिकाणी खाली ग्रॅनाइट किंवा त्याच्या जवळच्या जातीचा खडक आहे. ॲरिझोनातले प्रसिद्ध सग्वारो निवडुंगही दगडगोट्यांच्या उतारांवर वाढतात, वाळूच्या टेकड्यांवर नाही.

आपल्याकडे हा खडक नजरेस पडत नाही, त्यामुळे गैरसमज होणे समजण्यासारखे आहे. कोल्हापूर बसाल्टवर बसले आहे, आणि पन्हाळ्यासारख्या उंच पठारांवर त्या बसाल्टचाच जांभा झाला आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल छिद्रे घेतली गेली, त्यांपैकी रासाटीच्या छिद्रात सुमारे ९३० मीटर बसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. म्हणजे बसाल्टच्या खाली असा खडक आहे, पण तिथे तो पाऊण किलोमीटरहून खोल. हंपीला गेलेल्यांनी तो उघड्यावर पाहिलेला असतो. हंपी वाळवंट नव्हे, कोरडवाहू मुलूख आहे. तरी तिथल्या गोल शिळांच्या पायथ्याशी जो दाणेदार, पायाखाली करकरणारा चुरा साचलेला दिसतो, तीच या मातीची पहिली पायरी.

हा चुरा कसा तयार होतो ते कळले की पुढचे सगळे सोपे जाते. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक या खनिजांचे दाणे डोळ्यांना वेगवेगळे दिसतील एवढे मोठे असतात. पाण्याचा जो थोडा ओलावा भेगांत शिरतो त्याने आधी काळा अभ्रक बिघडतो. त्यातले लोह गंजते, पापुद्रे फुगतात आणि शेजारच्या दाण्यांना रेटतात. दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि खडक आतून मोकळा होतो. अशा खडकाला कुदळ मारली की तो दोन ते पाच मिलिमीटरच्या टोकदार दाण्यांत ढासळतो. भूशास्त्रात या चुऱ्याला ग्रस म्हणतात. गारगोटी जवळजवळ तशीच राहते. फेल्डस्पारची चिकणमाती व्हायला भरपूर पाणी आणि काळ लागतो, आणि वाळवंटात पाणीच नसते. म्हणून ही माती भरडच राहते. चिकणमातीचे प्रमाण थोडे, तेही पुष्कळदा वाऱ्याने आणलेल्या धुळीतले.

बसाल्टचे उलट आहे. त्यात गारगोटी नसते, लोह आणि मॅग्नेशियम भरपूर असते, दाणे इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. तो कुजला की फुगणारी चिकणमाती तयार होते. आपल्या मुरमाच्या ढेकळावर पाणी टाकून बोटांनी चोळा, हाताला चिकट लागते. ग्रॅनाइटचा चुरा तसाच चोळला तर हाताला बोचतो आणि पाणी स्वच्छ निथळते. दोन्हींना बोलीत आपण मुरूमच म्हणतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आता एक खड्डा डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर दगडांचा एक पदर, फरशी घातल्यासारखा दाटीने बसलेला. पुष्कळदा त्यांच्या वरच्या अंगाला लोह आणि मँगनीजची काळपट, चकचकीत झिलई असते. दगड उचलला की खाली एक ते पाच सेंटिमीटर जाडीचा फिकट, धुळकट थर. त्याचा तुकडा मोडून पाहिला तर आंबोळीला पडते तशी जाळी दिसते. मात्र ही भोके एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे पाणी या थरातून हळू उतरते. हा थर खालच्या ग्रॅनाइटचा नव्हे, वाऱ्याने आलेल्या धुळीचा. त्याखाली दहा-वीस सेंटिमीटर दगडाळ, किंचित तांबूस माती, मग कुदळीने फुटणारा कुजका खडक आणि शेवटी पहार टणत्कारून परत येते तो अखंड खडक.

याच मधल्या थरातला एखादा दगड उपटून उलटा करा. वरचे अंग स्वच्छ आणि खालच्या अंगाला चुन्याचा पांढरा पापुद्रा. पाऊस पडला की पाणी दगडाच्या कडेने उतरून पोटाशी लोंबते, तिथेच सुकते आणि विरघळलेला चुना मागे सोडते. शेकडा १० तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. ग्रॅनाइटमध्ये चुना अगदी कमी, त्यामुळे हाही बहुतांशी धूळ आणि पावसातून आलेला असतो. या पापुद्र्याचा प्रत्यक्ष उपयोग असा की पाणी नेहमी किती खोल पोचते ते तो सांगतो. त्याखाली पांढरे काही दिसत नसेल तर पाणी तिथवर क्वचितच जाते.

आपल्याकडचे मातीचे नकाशे अमेरिकी वर्गीकरणाने तयार होतात, त्यात अशा मातीला लिथिक टॉरीऑर्थेंट म्हणतात. लिथिक म्हणजे अखंड खडक ५० सेंटिमीटरच्या आत, टॉरी म्हणजे रखरखीत हवामान, ऑर्थेंट म्हणजे नीट थर न बनलेली कोवळी माती. दख्खनच्या माळावरची उथळ जमीन पुष्कळ ठिकाणी लिथिक उस्टॉर्थेंट असते, उस्ट म्हणजे त्याहून कमी कोरडे हवामान. खडक वेगळा, पाऊस वेगळा, नावात मात्र दोन-तीन अक्षरांचाच फरक. कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांची इथे नेहमी गफलत होते म्हणून मुद्दाम लिहिले.

या मातीत खरा हिशोब दगडांचा असतो, आणि नेमका तोच कुणी करत नाही. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळली जाते, वर राहिलेले दगड टाकून दिले जातात आणि अहवाल येतो तो फक्त चाळलेल्या मातीचा. हेक्टरी आकडे काढताना १५ सेंटिमीटर थरात सुमारे २२.५ लाख किलो माती धरली जाते. दगडच ४५ टक्के जागा व्यापून असतील तर प्रत्यक्षात माती १२.५ लाख किलोच्या आसपास भरते. अहवालात हेक्टरी ३०० किलो पालाश लिहिले असेल तर जमिनीत ते १६५ किलोच असते. ही चूक ग्रॅनाइटपुरती नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या मुरमाड माळावरचे अहवाल वाचतानाही ती होते.

दगड मोजायला यंत्र लागत नाही. साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, निघालेले सगळे घमेल्यात जपून ठेवावे. खड्ड्यात पातळ प्लास्टिकचा कागद कडांना नीट टेकेल असा बसवून मापाने पाणी भरावे. जेवढे लिटर पाणी मावले तेवढे खड्ड्याचे आकारमान. खड्डा अगदी चौकोनी असेल तर ते २७ लिटर येईल, पण दगडाळ जमिनीत तो कधीच चौकोनी होत नाही, म्हणून पाण्याने मोजायचे. मग घमेल्यातले २ मिलिमीटरपेक्षा मोठे दगड चाळून, धुऊन काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडावेत आणि सांडलेले पाणी परातीत धरून मोजावे. २७ लिटरच्या खड्ड्यातून १२ लिटर पाणी सांडले तर दगड ४४ टक्के झाले. दगड वजनावर मोजू नयेत. दगड मातीपेक्षा बराच जड, त्यामुळे वजनाचा टक्का आकारमानाच्या टक्क्यापेक्षा खूपच फुगलेला येतो.

आता पाणी. माती ३० सेंटिमीटर खोल, दगड निम्मे, आणि उरलेल्या भरड मातीत झाडाला मिळू शकणारे पाणी १२ टक्के धरले, तर ३०० मिलिमीटर गुणिले अर्धे गुणिले ०.१२, म्हणजे १८ मिलिमीटर. बस्स, एवढाच साठा. आपल्या मीटरभर खोल काळ्या जमिनीत तोच आकडा १८० ते २०० मिलिमीटर येतो. दहा पटींचा फरक पाहून ही माती नापीक समजली जाते.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आमच्या मते या मातीचे मर्म पुढेच आहे. वाळवंटात पाऊस पुष्कळदा लहान सरींनी येतो. १० मिलिमीटर पाऊस काळ्या मातीत पाच-सहा सेंटिमीटरच मुरतो आणि दोन-चार दिवसांत उन्हाने व भेगांतून उडून जातो. दगड नसलेल्या भरड मातीत तोच पाऊस आठ सेंटिमीटर उतरतो. निम्मे दगड असतील तर तेवढेच पाणी निम्म्याच मातीला भिजवायचे असते, म्हणून ते सोळा-सतरा सेंटिमीटर खोल जाते. वरचे काही सेंटिमीटर सुकले की भरड दाण्यांमधली पाण्याची सलगता तुटते आणि खालची ओल वर चढू शकत नाही. वरचे दगड सावलीही धरतात. कमी पावसाच्या प्रदेशात भरड जमीन भारी जमिनीपेक्षा झाडाला जास्त पाणी देते ते यामुळे. कोल्हापूरच्या पावसात हे गणित उलटते, म्हणून आपल्या अनुभवाने तिकडच्या जमिनीला जोखणे बरोबर नाही.

दगड कसा बसला आहे यानेही फरक पडतो. मातीवर सुटा पडलेला दगड पाणी मुरवतो, कारण त्याच्या आडोशाला जमीन थापली जात नाही. वरच्या धुळकट पापडीत घट्ट रुतलेला दगड मात्र पाणी वाहवतो. आणि शेवटचा साठा असतो खालच्या कुजक्या खडकात. तो मऊ आणि भेगाळलेला असेल तर मुळे त्यात उतरतात आणि माती कोरडी पडल्यावर तिथल्या ओलीवर झाड तगते. खडक अखंड असेल तर तसे होत नाही. म्हणून जागा निवडताना मातीच्या खोलीइतकेच पहारीच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. 'टण्ण' आला तर खाली आधार नाही, 'धप्प' आला तर आहे.

अन्नद्रव्यांविषयी थोडक्यात. सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याखाली, नत्र त्याच मानाने कमी, सामू (पीएच) उदासीन ते किंचित विम्ल, म्हणजे अल्कधर्मी. पालाश मात्र फेल्डस्पार आणि अभ्रकामुळे बरा असतो. जी काही सुपीकता आहे ती झुडपांच्या सावलीतल्या वर्तुळात गोळा झालेली असते, दोन झुडपांमधली जागा उपाशी असते. नमुना नेमका कुठून घेतला ते लिहून ठेवले नाही तर एकाच उतारावरचे दोन अहवाल दोन गावांचे वाटतात.

या गणितावरच तिकडची झाडे बेतलेली आहेत. सग्वारोच्या आडव्या मुळांपैकी बहुतेक वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्येच असतात आणि झाडाच्या उंचीएवढ्या अंतरापर्यंत पसरतात. थर वाळवंटातल्या खडकाळ डोंगरांवर थोर आणि गुग्गुळ दिसतात, तर खेजडी, म्हणजे आपली शमी, मुळे खोल सोडणारी असल्याने खालच्या वालुकामय सपाटीवर जोमाने वाढते. सगळेच निवडुंग ग्रॅनाइटवरचे असतात असे मात्र नाही. ॲस्ट्रोफायटमच्या काही जाती चुनखडकावरच्या आहेत. आणि सध्या आपल्या भागात लागवड वाढलेले ड्रॅगन फ्रूट निवडुंग असले तरी मूळचे पानझडीच्या उष्ण जंगलातले, झाडांवर चढणारे. त्याला भरपूर कुजलेले खत लागते. खाली दिलेले मिश्रण त्याच्यासाठी नाही.

आता कुंडीकडे वळू. नदीची वाळू तीन भाग आणि काळी माती एक भाग हे मिश्रण भुसभुशीत होत नाही, ते सगळ्यात घट्ट बसते. गवंडी एकास चार-पाचाचा माल का करतो? वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळ्या सिमेंटने भराव्यात म्हणून. इथे सिमेंटच्या जागी काळी माती आणि गाळ त्या पोकळ्या भरतो. हवा निघून जाते, जुलैच्या झडीत कुंडी तळापासून भिजलेली राहते आणि रोप बुंध्याशी मऊ पडते. त्यावर उपाय म्हणून तळाला खडीचा थर देतात, त्याने आणखी बिघडते. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, दोन्हींच्या सांध्यावर अडून राहते. म्हणजे ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरतो.

खडक ग्रॅनाइटचाच हवा असा आग्रह नाही. कुंडीच्या आयुष्यात बसाल्टची खडी कुजत नाही, महत्त्व आकाराला आणि मापाला आहे. क्रशरवरची तीन ते सहा मिलिमीटरची टोकदार खडी पाच भाग, एक-दोन मिलिमीटरची भरड वाळू दोन भाग, चाळलेली तांबडी माती दोन भाग आणि वर्षभर मुरलेले, चाळलेले शेणखत एक भाग, सगळे मापाने, वजनाने नव्हे. खडी आणि वाळू धुतल्याचे पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. क्रश सँड वापरत असाल तर तीन-चार पाणी लागतात, कारण तिच्यात दगडाची भुकटी खूप असते, आणि ती भुकटीच घात करते. काळी माती अजिबात नको. कोकोपीटही नको, ते भिजले की बराच काळ ओल धरून ठेवते.

काही जण ओट्याच्या फरशा कापणाऱ्या दुकानांतून ग्रॅनाइटची भुकटी आणून मिसळतात. हेतू चांगला आहे, पण ती पिठासारखी बारीक असते आणि वाळली की थर बनून बसते. वाळवंटातल्या चुऱ्याशी तिचे नावापलीकडे साम्य नाही. शिवाय बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ फरशा भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतातच. ब्लॅक गॅलेक्सी हा गॅब्रोच्या कुळातला दगड आहे.

कुंडी मातीची, आठ इंची असावी. भरल्यावर एक लिटर पाणी ओतावे, पहिल्याच मिनिटात खालून धार लागली पाहिजे. नुसते थेंब पडत असतील तर भुकटी राहिली आहे, उपसून पुन्हा धुवावे. पाणी कधी द्यायचे ते वारावर ठरवू नये. निथळलेली कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहावे, रोज त्याच वेळी पुन्हा करावे. सलग दोन दिवस वजन घटले नाही की झाडाला मिळण्याजोगे पाणी संपले, तेव्हाच भरपूर द्यावे. वर बोटभर जाडीचा खडीचा थर सुटा पसरावा, दाबू नये. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरी पुटे चढतात, शिरोळकडे तर पटकन. शक्य तिथे पावसाचे पाणी साठवून वापरावे.

मिश्रण कितीही चांगले असले तरी शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हे चार महिने कुंड्यांवर पारदर्शक छप्पर हवे, बाजू मात्र वाऱ्यासाठी मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेल्या कुंड्या उघड्यावरच्यांपेक्षा लवकर कुजतात.

पावसाळ्यापूर्वी कुंड्या बदलण्याची वेळ आली आहे आणि पुरवणीतले कात्रण अनेक घरांत फ्रिजवर चिकटवलेले असेल. म्हणून 'नदीची वाळू तीन भाग' या ओळीची दुरुस्ती, वर दिलेल्या प्रमाणासह, पुढच्याच रविवारी त्याच पानावर छापावी ही विनंती.

आपले,
माती परीक्षण आणि मृदा सर्वेक्षणाचे काम करणारे काही वाचक,
कोल्हापूर